छातीवरची वाळू

"जोरात दाबा आजी! बाळाला थोपटताय का?" महिला मंडळात शिकवायला आलेली नर्स म्हणाली, तशा बायका हसल्या. समोर सतरंजीवर रबरी पुतळा होता. "शॉक लागला की हृदय नुसतं फडफडतं, रक्त पुढे जात नाही. म्हणून लगेच छाती दाबायची."

"आमच्याकडे वाळूत पुरायचे," मी म्हटलं. "वाळू अंगातला करंट ओढून घेते म्हणून."

"करंट अंगात साठत नाही हो आजी. त्या नादात माणूस हातचा जातो."

मी पुतळ्यावरचे हात काढून घेतले.

माझा धाकटा दीर दिगंबर कपडे वाळत घालायच्या तारेला चिकटला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सासऱ्यांनी काठीने त्याला सोडवलं. शेजारी बांधकामाची वाळू पडलेली होती. त्याच्या गळ्यापर्यंत ती मीच लोटली, दोन्ही हातांनी. छातीवर जास्त टाकली, करंट लवकर उतरावा म्हणून.

मध्येच त्याने तोंड उघडून मोठा श्वास ओढला. थोड्या वेळाने आणखी एक.

"बघ, करंट निघतोय," सासूबाई म्हणाल्या. "टाक अजून."

मी टाकली.