चुन्याचा गोल
डाकेचं विमान डोक्यावर दुसरी घिरटी घालत होतं, आणि ते जिथे उतरायचं तिथेच अख्खं गाव मांडी घालून बसलेलं!

पोस्टाच्या शिधोरे मास्तरांनी सकाळी स्वतःच्या हातानं गायरानात चुन्याचा मोठा गोल आखला होता, वैमानिकाला वरून जागा दिसावी म्हणून. गावाला वाटलं, कुस्तीच्या फडासारखी बघणाऱ्यांना बसायची जागाच आखलीय.

"उठा रे! विमान उतरू द्या, पेट्रोल संपेल त्याचं!" मास्तर जिवाच्या आकांतानं ओरडले.

"मास्तर, तासाभरापासून जागा धरलीय. तुम्हीच सरका, दिसत नाही," पाटलीणबाई म्हणाल्या.

वर इंजिन खोकलं. मास्तरांना काय सुचलं कोण जाणे, चुन्याची पाटी उचलून ते लांब बाभळीपाशी धावले आणि तिथे दुसरा गोल आखायला लागले.

"अगं बाई, जागा बदलली!" एकच पळापळ. गाव तिकडे, आणि रिकाम्या पहिल्या गोलात विमान धप्पकन टेकलं.

वैमानिक खाली उतरला. "दोन गोल कशाला?"

"एक डाकेचा," मास्तर धापा टाकत म्हणाले, "आणि एक गावाचा."