निरोगी फिल्म

गिरण्यांचा संप फसून वर्ष लोटलं होतं. परळच्या एका रुग्णालयात मेंदूच्या फिल्म वाचायला शिकणाऱ्या दोघांपैकी एकालाच सर ठेवून घेणार होते. गुणवंतीचं बोट दर वेळी नेमकं दोषावर पडे आणि गणपतचा जळफळाट होई.

तिची फजिती व्हावी म्हणून त्याने एका दुपारी उजेडाच्या पेटीवर, नाव झाकून, स्वतःचीच निरोगी फिल्म लावली.

“दोन्ही बाजू ताडून सांगा,” सर म्हणाले.

तिने कानाजवळच्या भागावर बोट टेकवलं.

“गुणवंतीबाई, आज बोट घसरलं,” गणपत समाधानाने म्हणाला.

“दिसत काहीच नाही, खरंय. पण ह्या माणसाला बंद गिरणीचा भोंगा ऐकू येत असणार.”

सर हसले. गणपतलाही हसायचं होतं. पण खिडकीबाहेर भोंगा वाजू लागला होता, आणि मान त्याच्या एकट्याचीच वळली होती.