गुडघ्याला गुडघा

“माझा नवरा तुम्ही त्या व्यायामवाल्या बाईच्या गळ्यात बांधलात,” ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली. “आणि वर मलाच सांगता, प्रगती छान आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “बसून बोलू या,” असं काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले.

नवरा-बायको दोघं मिळून भिंती रंगवायची. एका सकाळी परांचीची फळी सटकली, मणक्यावर मार बसला, कंबरेखालचं अंग परकं झालं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि मग ही उंच, हसरी बाई त्यांच्या संसारात शिरली.

रोज सकाळी बायको व्यायामाच्या खोलीच्या दाराशी असायची. डोळ्यांत तेल घालून बघायची. पलंगाच्या कडेला बसायचं. गुडघ्याला गुडघा टेकवायचा. काखेतून हात घालून पाठीमागे बोटं गुंफायची, हनुवटी खांद्यावर. मग “हं, आता” म्हणत दोघं एकदम उठायची आणि वळून चाकाच्या खुर्चीपाशी यायची.

पहिल्याच दिवशी दोघं गादीवर आडवी झाली आणि पोट धरून हसली.

“घट्ट धरा हो,” बाई म्हणायची. “मी काय काचेची आहे?”

तो लाजायचा, आणि धरायचा.

“अगं, सराव आहे तो,” वॉर्डातल्या आजी म्हणाल्या.

“सरावानंच तर जडतं, आजी,” ती म्हणाली. “मला नका शिकवू.”

एकदा तिनं नवऱ्याला गाठलंच. “मला कधी असं मिठीत घेतलं नाहीस.”

तो जमिनीकडे बघत राहिला. “तुझी भीती वाटते गं. काही चुकलं तर?”

“तिची नाही वाटत?”

“तिचं वेगळं आहे.”

त्या ‘वेगळं’नं तिची झोप उडवली. बाईलाही तिनं तोंडावर विचारलं, “आता मला घ्या ना मध्ये. किती दिवस तुम्हीच?” बाई म्हणाली, “त्यांचा धीर होऊ द्या आधी.” धीर! त्या बाईच्या अंगाला अंग लावताना बरा होता धीर. अशानं घरी गेल्यावर तो आपला राहील का, एवढंच तिला कळत नव्हतं.

“शनिवारी घरी सोडतोय,” डॉक्टर आता म्हणाले. “तुमचे यजमान अगदी तयार झालेत.”

“कुणासाठी तयार?”

तिनं तळव्यांनी दोन्ही चाकं ढकलली. खुर्ची टेबलाला जाऊन टेकली.

“पाय माझे गेलेत, डॉक्टर, आणि उचलायला तो शिकलाय तिला. मला त्यानं अजून बोटसुद्धा लावलेलं नाही. शनिवारी पलंगावरून मला कोण उचलणार, ते सांगा.”