चौथीने शुद्धीत राहायचं

डॉक्टर माझ्या डोळ्यांत टॉर्च मारत होते. भिंतीवरचं कॅलेंडर अजून श्वास घेत होतं.

“काय घेतलं होतंस?”

“नुसतं कोकम सरबत.”

फार्महाऊसवर आम्हा चौघी मैत्रिणींचा नियमच होता. तिघींनी जिभेवर तो टिकलीएवढा नशेचा कागद ठेवायचा, चौथीने शुद्धीत राहून त्यांना सांभाळायचं. चौथी कायम मीच. का, ते त्या तिघींतल्या केतकीला ठाऊक होतं. माझी आई आठ वर्षं मनोरुग्णालयात आहे. असला कागद माझ्याही डोक्याचा तोल घालवेल, ही भीती मी फक्त तिच्यापाशी बोलले होते.

आज सरबत तिनेच हातात दिलं. ग्लासाच्या तळाशी चिकटलेला कागद मला दिसला, तोवर भिंती वितळायला लागल्या होत्या.

आता ती माझा हात धरून बसली होती. माझी जीभ जड झाली होती. सरबतात काय होतं ते तूच सांग ना, म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

“डॉक्टर,” ती आवाज खाली आणून म्हणाली, “हिच्या घरातच आहे हो ते. हिची आईसुद्धा वेड्यांच्या इस्पितळात असते.”

डॉक्टरांनी मान हलवून तेवढंच लिहून घेतलं.

केतकीने माझा हात हळूच दाबला. आजही तिला सांभाळायचं होतं ते मीच.