पत्रिकेचा पासवर्ड

ऋजुताने लग्नपत्रिकेचा फोल्डर घरच्या नेटवर्कवर शेअर केला आणि हाक मारली, "बाबा, आता तुमच्या कॉम्प्युटरवर उघडा."

"पासवर्ड मागतोय."

आपल्याच लॅपटॉपचा पासवर्ड लागेल, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "थांबा, मी येऊन टाकते."

"निरंजन टाका," मटार सोलता सोलता आई म्हणाली.

ऋजुता दारातच थिजली. हे नाव तिने घरात कधी उच्चारलंही नव्हतं. बाबांनी ते टाइप केलं आणि फोल्डर उघडला.

पडद्यावर पत्रिका आली. चि. शार्दूल आणि चि. सौ. कां. ऋजुता.

बाबांनी चष्मा काढला. "निरंजन कोण?"

"मागे तापात ती सारखं हेच नाव घेत होती," आई म्हणाली. "पत्रिका छापायला द्यायच्या आधी तिलाच विचारा."