टॅबवरचं अक्षर

मोहनानं टॅब उघडला तो हांडव्याच्या पिठाचं प्रमाण बघायला, आणि समोर आलं एक जपानी अक्षर. नवऱ्याच्या, अनीशच्या, त्या बोटानं काढून किंवा टाइप करून अक्षरं शोधायच्या साइटवर. नुसत्या रेघांची गर्दी. खाली इंग्रजीत अर्थ दिलेला: प्रेम.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं मागचे शोध काढून पाहिले. काल हेच, परवाही हेच. कुठली रेघ आधी काढायची, कुठली नंतर, ते दाखवणारं पानसुद्धा कोणीतरी पुन्हापुन्हा उघडलेलं.

अनीशच्या मकरपुऱ्यातल्या कंपनीचं काम आता जपान्यांशी होतं, म्हणून तो मुग्धा नावाच्या बाईंकडे जपानी शिकायला जाई. साइट सुचवली होती खालच्या मजल्यावर एकट्याच राहणाऱ्या रमाकांतरावांनी. ते नोकरीत असताना जपानात राहून आलेले. पण कारखान्याच्या कामाला व्हॉल्व्ह, स्क्रू, तारीख-वार एवढं पुरे. मेलं प्रेम कशाला लागतं?

संध्याकाळी चहा देता देता तिनं विचारलं, "जपानी कुठवर आलं?"

"बोलतो थोडंफार. लिहायचं काही जमत नाही."

"मुग्धाबाई शिकवत नाहीत?"

"शिकवतात गं. जवा दे ने, सोड तो विषय. भूक लागलीय."

पठ्ठ्या ताकास तूर लागू देत नव्हता. एवढ्या वर्षांचा संसार, आणि आपल्याला काही पत्ताच नाही, याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अक्षर दिसलं. अनीश घरी येताच तिनं टॅब त्याच्यापुढे आपटला.

"हे कोणासाठी गिरवतोयस? सरळ सांग. मी माहेरी निघून जाईन, पण खोटं ऐकून घेणार नाही."

अनीश हसायला लागला.

"अगं, उच्चार वाच ना. आइ. जपानीत आइ म्हणजे प्रेम. दुपारी टॅब कोणाकडे असतो? आईकडे. बाबा गेल्यापासून तिला दुपार खायला उठते. गंमत म्हणून 'आई' टाकलं असणार तिनं, आणि साइटनं हे काढून दिलं. मी तर आठवडाभर ती साइट उघडलेली नाही."

मोहनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जीव असा भांड्यात पडला, की ती तशीच उठून सासूबाईंच्या खोलीत गेली. निरुपमाबाई चष्मा लावून खिडकीशी बसल्या होत्या.

"आई, तुम्ही तर माझा संसारच मोडला असतात," ती म्हणाली आणि हसत हसत सगळी हकिगत सांगून मोकळी झाली. "तुम्ही शोधलंत आई, आणि निघालं प्रेम."

निरुपमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"आई नव्हतं शोधलं, मोहना," त्या हळूच म्हणाल्या. "अनीशला कसं सांगायचं, तेवढं तू बघ. रमाकांतरावांनी ते अक्षर मला लिहून पाठवलंय, आणि माझं उत्तरही तेच आहे."