तिन्हीकडून सारखंच

रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा सगळ्यांत मोठा सुस्कारा संदेशने सोडला. ते चार महिने आई त्याच्या वाटणीला होती.

वाटणी मोठी काटेकोर. चार महिने माजिवड्याला प्रभाकरकडे, चार घोडबंदर रोडला संदेशकडे, चार डोंबिवलीला सुमितकडे. तिघांपैकी कुणी आईला एक दिवस कमी ठेवलं नाही, आणि जास्त ठेवण्याचा आगाऊपणाही केला नाही. प्रभाकरने तिला हॉलमधल्या दिवाणावर झोपवलं, म्हणून मोठ्या भावाचा अपमान नको या विचाराने बाकीच्या दोघांनीही बेडरूम दिली नाही. विमलाबाईंना याचा केवढा अभिमान. कुठल्याही शेजारणीने मुलाची कागाळी केली की त्या सांगायच्या, माझ्या तिघांत डावं-उजवं करायला जागाच नाही.

जिना चढताना त्यांची छाती दाटायला लागली, तेव्हा संदेशने थॅलियम टेस्ट करून घेतली. हातात औषध टोचून मोठ्या कॅमेऱ्याखाली हृदयाचे फोटो काढले. कुठेच काही वावगं दिसलं नाही. रिपोर्ट भावांच्या ग्रुपवर गेला, तिथून दोन अंगठे आले. त्यानंतर छाती दाटली की प्रभाकर फोनवर म्हणायचा, गॅस. सुमित म्हणायचा, वय. विमलाबाई जिने चढत राहिल्या.

सुमितच्या वाटणीला आल्या त्याच आठवड्यात त्या त्याच्या जिन्यात कोसळल्या. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य नळ्या चोंदलेल्या निघाल्या. बायपासला पर्याय नव्हता. तिघे भाऊ पलंगाभोवती जमले आणि जुना रिपोर्ट डॉक्टर मृणाल यांच्यापुढे धरला. मशीन बिघडलेलं होतं का, असं प्रभाकरने जरा दरडावूनच विचारलं.

"मशीन ठीक होतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्या फोटोत हृदयाचा एक भाग दुसऱ्याशी ताडून बघतात. एकच नळी चोंदली असती तर तिथला भाग लगेच फिका दिसला असता. यांना तिन्हीकडून सारखंच कमी मिळत होतं. क्वचित होतं असं. मग चित्र छान दिसतं."

ऑपरेशननंतर तीन महिने आईंना जपावं लागेल, त्या कुणाकडे राहतील, हेही त्यांनी विचारलं. मग संदेशने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. तीन महिने, तिघे भाऊ. हिशेब इतका सुटसुटीत निघाला की तिघांनीही एकदमच मान हलवली.

विमलाबाई एकेकाचा चेहरा बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मुलांची लाज वाटली. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"म्हणजे यातली एक जरी धड असती," त्यांनी विचारलं, "तर बाकीच्या दोन कशा आहेत ते मला आधीच कळलं असतं, नाही?"